ज्ञानदेवांच्या ग्रंथांतील ‘ठाव’ : आत्म्याच्या स्थानाचा प्रश्न

१

ज्ञानदेवांच्या तत्त्वज्ञानाविषयी मराठीत आणि इंग्रजीत झालेली चर्चा विपुल आहे. मात्र ती बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. ज्ञानदेव शंकराचार्यांच्या मायावादाचे अनुयायी, की जगाला चैतन्याचा विलास मानणारे स्वतंत्र विचारवंत, हा तो प्रश्न होय. रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रातील गूढवादावरील ग्रंथ १९३३ साली आणि भा. पं. बहिरट यांचा ज्ञानदेवांच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. या काळात आणि त्यानंतरही या वादातील दोन्ही पक्षांनी आपापली प्रमाणे पुष्कळ मांडली. वादाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तो जगताच्या सत्यत्वाविषयीचा वाद असल्यामुळे दुसरा एक प्रश्न त्याच्या सावलीत राहिला. ‘मी’ म्हणून ज्याचा निर्देश होतो तो आत्मा ज्ञानदेवांच्या मते कोठे आहे, हा तो प्रश्न.

हा प्रश्न वरवर भाबडा वाटण्याजोगा आहे. सर्वव्यापी तत्त्वाला स्थान विचारणे म्हणजे आकाशाचा पत्ता विचारण्यासारखे आहे, असे अद्वैताचा अभ्यासक सहज म्हणेल. परंतु ज्ञानदेवांच्या ग्रंथांचा आधार घेतला तर हा प्रश्न इतक्या सहजी निकालात निघत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आत्मानुभवाची वाट शरीरातून, नाभी, हृदय, कंठ, मस्तक अशा एकेका मुक्कामाने नेलेली आहे. अमृतानुभवात मात्र आत्म्याला कोठलेही स्थान सांगणे, एवढेच नव्हे तर त्याच्याविषयी ज्ञान किंवा अज्ञान हा शब्द उच्चारणेही अप्रस्तुत ठरवले आहे. एकाच ग्रंथकाराच्या लेखणीतून ही दोन्ही प्रतिपादने कशी निघाली? येथे कर्तृत्वाची शंका उपयोगी पडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शि. ए. भारदे यांनी उपस्थित केलेला दोन ज्ञानदेवांचा प्रश्न मुख्यतः अभंगांच्या कर्त्याविषयीचा होता.

या विसंगतीचे उत्तर म्हणून अभ्यासकांनी बहुधा विभागणीचा मार्ग पत्करला आहे. सहाव्या अध्यायातील ज्ञानदेव हे नाथपंथी योगी आणि अमृतानुभवातील ज्ञानदेव हे अद्वैती तत्त्वज्ञ, अशी ही विभागणी आहे. अध्यापनाच्या सोयीसाठी ती ठीक असेल. परंतु तिच्यामुळे एका ग्रंथातील देह आणि दुसऱ्या ग्रंथातील विचार एकमेकांना अनोळखी होतात, आणि वाचकाच्या हाती दोन अर्धे ज्ञानदेव उरतात. प्रस्तुत विवेचनाचा हेतू या विभागणीची गरज आहे काय, हे तपासण्याचा आहे. त्यासाठी ‘ठाव’ हा एक जुना मराठी शब्द सूत्र म्हणून धरला आहे. या शब्दाला स्थान हा अर्थ आहे. खोली, तळ हाही अर्थ आहे, म्हणूनच डोहाचा ठाव लागतो किंवा लागत नाही. शिवाय जुन्या मराठीत ‘ठावा’, ‘ठावे’ म्हणजे ज्ञात, माहीत. स्थान, खोली आणि ज्ञान या तीन कल्पना ज्या भाषेत एका शब्दाभोवती गोळा झाल्या आहेत, त्या भाषेत आत्म्याचा ठाव विचारणे म्हणजे एकाच वेळी तीन प्रश्न विचारणे होय.

२

ज्ञानदेवांच्या हाती हा प्रश्न आला तो दीर्घ परंपरेतून. उपनिषदांनी आत्म्याला स्थान सांगण्यास कोठेही संकोच केलेला नाही. कठोपनिषदातील पुरुष अंगठ्याएवढा असून देहाच्या मध्यभागी राहतो. छांदोग्याच्या आठव्या अध्यायात देहरूपी नगरीत कमळासारखे लहानसे घर आहे आणि त्या घरात लहानसे आकाश आहे. त्याच उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायातील शांडिल्यविद्येत हृदयातील आत्मा तांदळाच्या, जवाच्या, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, आणि लगेच पुढे पृथ्वीहून व सर्व लोकांहून मोठा म्हटला आहे. उपनिषत्कार स्थान देतात आणि त्याच श्वासात ते अपुरे ठरवतात.

या वचनांची संगती लावण्याचे काम ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात आले आहे. तेथील भाष्यात शंकराचार्यांनी दोन दृष्टान्त योजले आहेत. सगळ्या पृथ्वीचा राजा असला तरी त्याला अयोध्येचा राजा म्हणता येते. आणि सर्वव्यापी आकाशालाही सुईच्या नेढ्याच्या अपेक्षेने लहान म्हणता येते. हृदय हे स्थान उपासनेच्या सोयीसाठी सांगितले आहे. वस्तूला त्याने मर्यादा येत नाही, असा हा निर्णय आहे. तो तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि त्यात स्थान ही केवळ सवलत ठरते. साधकाने तिचा लाभ घ्यावा आणि काम झाल्यावर ती विसरावी. ज्या देहात ही उपासना घडली त्या देहाचे पुढे काय झाले, याची भाष्यकाराला चिंता नाही.

याच अध्यायात छांदोग्याने सांगितलेली इंद्र आणि विरोचन यांची कथा या संदर्भात विसरता येत नाही. पाण्याने भरलेल्या पात्रात दिसणारे प्रतिबिंब हाच आत्मा, असे समजून विरोचन समाधानाने परतला. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवरून मागे फिरला. देह आंधळा झाला तर हा आत्माही आंधळा होईल, ही शंका त्याला स्वस्थ बसू देईना. अशा रीतीने तो वारंवार परत आला आणि त्याचे ब्रह्मचर्यवास एकूण १०१ वर्षांचे झाले. चुकीच्या स्थानी समाधान पावणे हा विरोचनाचा दोष होय. स्थानाचा प्रश्न त्याने विचारला, हा दोष नव्हे.

३

शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचे जे वर्णन आहे ते अत्यंत संयत आहे. शुद्ध जागी आसन घालावे. धड, मान आणि मस्तक सरळ व निश्चल ठेवावे. दृष्टी नासिकाग्री लावावी, एवढेच तेथे सांगितले आहे. कुंडलिनीचा, नाडींचा किंवा चक्रांचा तेथे उल्लेखही नाही. ज्ञानदेवांनी या थोड्या शब्दांच्या फटीतून संपूर्ण नाथयोग आत आणला. निवृत्तिनाथ, गहिनीनाथ, गोरक्षनाथ, मत्स्येंद्रनाथ ही जी गुरुपरंपरा त्यांनी ग्रंथाच्या शेवटी सांगितली आहे, तिचे ऋण येथे फेडलेले दिसते. नाथांचा जो गूढ संकेत आहे तोच महाविष्णूंनी येथे सूचित करून ठेवला, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे.

हे वर्णन शरीरशास्त्र म्हणून वाचण्याची आणि मग ते खरे की खोटे यावर वाद घालण्याची प्रथा पडली आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात चाललेल्या क्रियेकडे पाहिले पाहिजे. ही क्रिया भक्षणाची आहे. जागी झालेली शक्ती भुकेलेली आहे. ती मांस खाते, सातही धातू पिऊन टाकते, नखाशिखांत देहाचा शोध घेऊन जे जे सापडेल ते ते फस्त करते. तृप्त झाल्यावर ती शांत होते, आणि मग त्याच देहाला विलक्षण कांती येते. पुढे हृदयाच्या प्रदेशात आल्यावर तिचे जुने नावही गळून पडते. तिला मारुत म्हणू लागतात. तिचे शक्तिपण मात्र शिवाशी मिळेपर्यंत टिकते. त्यानंतर पंचमहाभूतांचा पडदा सरतो आणि ती मस्तकातील आकाशात शिरते.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. मार्गावरील प्रत्येक स्थान येते ते खर्ची पडण्यासाठी. कोणत्याही मुक्कामाला ‘आत्मा येथे आहे’ असे म्हटलेले नाही. मूलाधार सांगितला तो सोडून जाण्यासाठी. हृदय सांगितले ते ओलांडून जाण्यासाठी. सर्वांत वरचे स्थान आकाश, तर त्याचाही शेवटी लय होतो. जेथे गगनालाच ‘ठाव’ उरत नाही अशा महाशून्याच्या डोहात शब्दाला तळ कसा लागावा, असा प्रश्न ज्ञानदेव या प्रकरणाच्या अखेरीस करतात. ‘ठाव’ या शब्दाचे तिन्ही अर्थ येथे एकत्र आले आहेत. आकाशाला जागा नाही, डोहाला तळ नाही आणि शब्दाला ज्ञान नाही. आकाश हे सगळ्या स्थानांचे स्थान आहे. त्यालाच ठाव नाही, असे म्हटल्यावर ‘कोठे’ हा प्रश्नच आधारावाचून उरतो.

म्हणजे योगप्रकरणातच स्थानाचा निरास पुरा झालेला आहे. फरक एवढाच की तो तर्काने झालेला नाही, देहातून चालत जाऊन झालेला आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात स्थान ही सवलत होती. येथे स्थान हे इंधन आहे, आणि जळल्यावाचून इंधनाने आपले काम केले असे होत नाही.

४

तेराव्या अध्यायात हाच प्रश्न वेगळ्या भाषेत येतो. गीतेतील क्षेत्र म्हणजे देह आणि क्षेत्रज्ञ म्हणजे त्याला जाणणारा. ऋषींनी या क्षेत्राविषयी नाना प्रकारे गायिले आहे, असे गीता एका श्लोकात सांगून पुढे जाते. ज्ञानदेव तेथे थांबतात. क्षेत्र या शब्दाचा शेत हा मूळ अर्थ ते जागा करतात आणि एका जमिनीच्या कज्जाचे रूप त्या चर्चेला देतात. हे शेत कोणाचे, यावर पाच पक्षकार उभे राहतात.

पहिला म्हणतो, ही जमीन मुळात जीवाची. प्राण हे त्याचे कूळ. प्राणाच्या घरी त्याचे चार भाऊ राबतात, मन देखरेख करते, इंद्रिये ही बैलांची जोडी. अन्यायाचे बी पेरले तर पापाचे पीक येते, आणि जन्मोजन्मी दुःख भोगण्याची पाळी जीवावर येते. दुसरा प्रकृतिवादी त्याला अडवतो. जीव हा केवळ वाटेत मुक्काम केलेला पांथस्थ. शेत प्रकृतीच्या वडिलोपार्जित वृत्तीचे. तिच्याच घरचे तीन गुण येथे काम करतात. रज पेरतो, सत्त्व राखण करते, तम कापणी उरकतो. तिसरा संकल्पवादी प्रकृतीला कालची म्हणून हिणवतो. परब्रह्माच्या शेजेवर निजलेला संकल्प जागा झाला आणि त्याने हे सारे उभे केले, असे त्याचे म्हणणे. चौथा स्वभाववादी सगळ्यांचेच दावे उडवून लावतो. आकाश कोणी ताणले, समुद्र कोणी भरला, वारा कोणी वाहता केला? हे सारे आपोआप आहे, धनी शोधण्याचे कारण नाही. पाचवा कालवादी विचारतो की असे असेल तर काळाची सत्ता का चालते? त्याच्या जबड्यात सगळेच जातात.

या प्रकरणाकडे सांख्य, स्वभाववाद, कालवाद इत्यादी मतांची नोंद म्हणूनच बहुधा पाहिले जाते. पण यात एक सूक्ष्म पालट झालेला आहे. सहाव्या अध्यायात प्रश्न होता ‘कोठे’. येथे तो झाला आहे ‘कोणाचे’. कुळवाडी, वतन, देखरेख आणि राबणूक हा शब्दसंसार गोदाकाठच्या शेतकरी श्रोत्याला अंगवळणी पडलेला होता. जमीन कसणारा एक, तिच्यावर हक्क सांगणारा दुसरा आणि पीक नेणारा तिसरा, हे त्याला समजावून सांगावे लागत नव्हते. देहात राहणारा ‘मी’ हा देहाचा मालक आहे, की वाटसरू, की कूळ, की यांपैकी कोणीच नाही, असा प्रश्न त्याच्या अनुभवाच्या भाषेत त्याच्यापुढे ठेवला गेला.

आणि कज्जाचा निकाल यांपैकी कोणाच्याही बाजूने लागत नाही. ज्ञानदेव त्या वादातून बाहेर पडून श्रीकृष्णाच्या मुखाने क्षेत्राचीच मोजणी सुरू करतात. पाच महाभूते, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रिये, मन, त्यांचे दहा विषय, आणि इच्छा, द्वेष, सुख, दुःख, संघात, चेतना व धृती, अशी एकूण ३६ तत्त्वे होतात. सातबाराच्या उताऱ्यासारखी ही मोजणी पुरी झाल्यावर ध्यानात येते की ‘मी’ समजून ज्याला धरले होते ते सर्व, बुद्धी, अहंकार आणि चेतनाही, शेताच्याच हद्दीत पडले आहे. धनी म्हणून जो जो पुढे आला तो शेताचाच भाग निघाला. क्षेत्रज्ञ कोण, याचे उत्तर गीतेने आधीच देऊन ठेवले आहे. सर्व क्षेत्रांत क्षेत्रज्ञ मीच, असे भगवंत सांगतात. एका शेताला एक धनी ही कल्पनाच त्यामुळे मोडीत निघते.

या संदर्भात पंधराव्या अध्यायातील एक स्थळ विशेष महत्त्वाचे आहे. मी सर्वांच्या हृदयात राहतो, या गीतेच्या वचनावर भाष्य करताना ज्ञानदेवांनी हृदयाचे कमळ किंवा लहानसे आकाश सांगितलेले नाही. प्रत्येकाच्या अंतरी ‘मी अमुक आहे’ अशी जी जाणीव रात्रंदिवस स्फुरत असते, ती वस्तू म्हणजेच मी, असे त्यांचे भगवंत म्हणतात. नाव, जात, गाव, नाते यांनी बांधलेल्या ‘अमुक’ माणसाच्या जाणिवेलाच येथे ईश्वराचे स्थान म्हटले आहे. त्या जाणिवेतील ‘अमुक’ हा भाग विवेकवैराग्याने गळावा लागतो, हे खरे. पण आरंभ तेथूनच करावयाचा आहे. ज्या अहंतेला सामान्यतः केवळ अडथळा समजले जाते, तीच येथे दार होते.

५

अमृतानुभवाची सुमारे ८०० ओव्यांची दहा प्रकरणे आहेत. त्यांपैकी सातवे, अज्ञानखंडनाचे प्रकरण, एकटेच एकतृतीयांशाहून अधिक जागा व्यापते. ग्रंथाचा भर कोठे आहे, हे या प्रमाणावरून दिसते.

अज्ञान कोठे राहते, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे. ते आत्म्यात राहत असेल तर प्रकाशाच्या पोटात अंधार राहतो असे म्हणावे लागेल. ते आत्म्याबाहेर असेल तर आत्म्याला बाहेर आहे असे मानावे लागेल. काजव्याने अंधाराच्या जोरावर मिरवावे तशी अज्ञानाच्या अनादित्वाची प्रौढी आहे, असा उपहासही ज्ञानदेवांनी केला आहे. भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ही शंका नवी नाही. अविद्येला आश्रय कोणता, या प्रश्नावर अद्वैत संप्रदायातच दोन तट पडले. वाचस्पतिमिश्रांच्या भामती परंपरेने जीवाला आश्रय मानले, तर विवरण परंपरेने ब्रह्मालाच. रामानुजाचार्यांनी मायावादावर जे सात आक्षेप घेतले त्यांतील पहिला हाच आहे. परंतु रामानुजाचार्यांना या आक्षेपातून जीव आणि ईश्वर यांचा भेद राखावयाचा होता. ज्ञानदेवांना अद्वैत अधिक निखळ करावयाचे होते. ज्याला राहण्यास जागाच नाही ते अज्ञान मुळातच नाही. आणि अज्ञान नाही म्हणून त्याला घालवणारे ज्ञानही उपयोगाचे नाही. म्हणून आठव्या प्रकरणात ज्ञानाचेही खंडन येते. ज्ञान हेच बंधन, या शिवसूत्राच्या वचनाचा हवाला तिसऱ्या प्रकरणात आधीच येऊन गेला आहे.

आत्म्याच्या स्थानाचा प्रश्न येथे उलटा झाला आहे. आत्मा कोठे आहे असे विचारणाऱ्याला, जेथे आत्मा नाही अशी जागा दाखवण्याचे आव्हान ज्ञानदेवांनी दिले आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि ज्ञानदेवांनी त्याला चौथ्या प्रकरणात तोंड दिले आहे. ज्याला स्थान नाही, रूप नाही, ज्याच्याविषयी ज्ञान आणि अज्ञान दोन्ही बोलता येत नाहीत, ते शून्यच का म्हणू नये? बौद्धांच्या अनात्मवादाचा रोख याच दिशेने होता. युरोपात डेव्हिड ह्यूम याने १७३९ साली हेच वेगळ्या रीतीने मांडले. अंतर्मुख होऊन पाहिले असता निरनिराळ्या संवेदना सापडतात, पण त्यांच्याहून निराळा असा ‘मी’ हाती लागत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. ज्ञानदेवांचे उत्तर थोडक्यात असे की ‘काहीच नाही’ हे जाणणारा कोणी तरी लागतो. दिव्याबरोबर दिवा पाहणाराही मालवला असेल तर ‘दिवा नाही’ असे कोण म्हणणार? ह्यूमचा शोध निष्फळ ठरला तो शोधणाराच शोधाच्या वस्तूंत मोजला गेला नाही म्हणून, असे ज्ञानदेवांच्या बाजूने म्हणता येईल. मात्र एवढ्याने ह्यूमचे समाधान झाले नसते. जाणणे आहे एवढ्यावरून जाणणारा सिद्ध होतो काय, असे त्याने पुन्हा विचारले असते. ज्ञानदेव त्यावर जाणणारा आणि जाणणे हा भेदच मानत नाहीत. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी एकाच वस्तूत उमटते आणि मावळते. त्यामुळे दोघांची वाट काही अंतर एकच आहे. जेथे ह्यूम रिकामी खोली पाहून परततो, तेथे ज्ञानदेव खोलीतील उजेडाकडे बोट दाखवतात.

६

एवढ्यावर ग्रंथ संपला असता तर अमृतानुभव हा खंडनाचा एक श्रेष्ठ ग्रंथ ठरला असता. पण तो मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा झाला नसता. नवव्या प्रकरणात सूर पालटतो. सुगंधच नाक होतो, नाद स्वतः कान होतो, आरसे डोळे घेऊन उठतात. ज्या जगाला स्थान नाकारले होते तेच जग भोग्य आणि भोक्ता अशा दोन्ही रूपांनी परत येते. भक्तीचा व्यवहार अद्वैतात कसा संभवेल, या शंकेला तेथे दिलेला दृष्टान्त सर्वश्रुत आहे. एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार घडवता येतो, तर भक्तीला अडचण कोणती? हा दृष्टान्त महाराष्ट्राच्या भूमीतून उगवलेला आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात एका अखंड खडकातून, कळसापासून पायाकडे, कोरले गेले. चिरा चिऱ्यावर ठेवून बांधलेल्या देवळात देव बाहेरून आणून बसवावा लागतो. लेण्यात देव, गाभारा आणि खांब हे पहिल्यापासून एकच दगड असतात, आणि तरीही देवापुढे उभे राहता येते. स्थान नाही, पण संमुखता आहे. हा भेद या दृष्टान्ताने जितका स्पष्ट होतो तितका कोणत्याही प्रमाणवाक्याने होत नाही.

संमुखतेचा हा प्रश्न ६५ ओव्यांच्या चांगदेव पासष्टीत अधिक निकडीने येतो. कथा परंपरेतील आहे, इतिहासाची तिला ग्वाही नाही. वयाने थोर असलेल्या चांगदेवाला ज्ञानाने थोर असलेल्या बालकास काय मायना लिहावा हे सुचेना; तीर्थरूप म्हणावे तर वय आड येते आणि चिरंजीव म्हणावे तर अधिकार आड येतो. म्हणून त्याने कोरे पत्र पाठवले. कथेचे मर्म या कोरेपणात आहे. मायना म्हणजे ‘मी’ आणि ‘तू’ यांची परस्परांच्या संदर्भातील जागा होय. ती ठरवता आली नाही म्हणून पत्र कोरे राहिले. त्याच्या उत्तरात ज्ञानदेवांनी ही जागा ठरवून दिलेली नाही. ती ठरवण्याची गरज का नाही, हे सांगितले आहे.

आरसा नसला तरी मुख असतेच. आरशामुळे मुखाला मुख दिसते, एवढाच आरशाचा उपयोग. पाण्याचा ठाव घेण्यासाठी मिठाचा खडा आत शिरला, तर खडाच उरला नाही. मग मोजमाप सांगणार कोण? येथे पुन्हा तोच शब्द, ‘थावो’ या जुन्या रूपात, आला आहे. सहाव्या अध्यायात शब्दाला तळ लागला नव्हता. येथे तळ शोधणारा हरवला आहे. तरीही या पत्राचा भाव विरक्त नाही. भेटीची ओढ त्यात वारंवार व्यक्त होते, आणि भेट कशी घडावी ही अडचणही. दोघे वेगळे असतील तरच भेट घडते. आणि वेगळे असतील तर खरी भेट घडत नाही. या पेचात ज्ञानदेवांनी पत्र लिहिले, हेच त्या पेचाचे उत्तर आहे. एका कोऱ्या कागदावर दुसऱ्याने ६५ ओव्या लिहिल्या, एवढी भेट झाली. शेवटी चांगदेवाचे खरे रूप नामरूपाविरहित आहे, असे त्याला सांगताना ज्ञानदेव त्याला नावानेच हाक मारतात.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ज्ञानदेवांच्या ग्रंथांत आत्म्याच्या स्थानाचा प्रश्न टाळलेला नाही, तो क्रमाने रूपांतरित झाला आहे. सहाव्या अध्यायात तो ‘कोठे’ असा आहे आणि त्याचे उत्तर स्थानांच्या भक्षणातून मिळते. तेराव्यात तो ‘कोणाचे’ असा होतो आणि मालकीच्या कल्पनेसह संपतो. अमृतानुभवात तो उलटून ‘कोठे नाही’ असा होतो. चांगदेव पासष्टीत तो ‘कोणापुढे’ असा होतो. या क्रमात योगी आणि तत्त्वज्ञ अशा दोन ज्ञानदेवांची गरज राहत नाही. जे सहाव्या अध्यायातील देहाने केले, तेच सातव्या प्रकरणातील युक्तिवादाने केले आहे. सहावा अध्याय वगळून अमृतानुभव शिकवला तर विद्यार्थ्याला निष्कर्ष मिळतो, पण त्या निष्कर्षासाठी काय खर्ची पडले हे कळत नाही. उलट, अमृतानुभवावाचून सहावा अध्याय शिकवला तर तो चमत्कारांचे वर्णन होऊन बसतो.

या प्रतिपादनाच्या मर्यादाही नोंदल्या पाहिजेत. पहिली युक्तिवादाची. अज्ञान हे सत् नाही आणि असत्‌ही नाही, ते अनिर्वचनीय आहे, असे मायावादी म्हणतो. अज्ञानाला जागा दाखवा, या आव्हानाने तो निरुत्तर होईलच असे नाही; ज्याचे निर्वचनच होत नाही त्याची जागा का विचारता, असे तो उलट विचारू शकतो. ज्ञानदेवांचे सामर्थ्य दृष्टान्तांच्या लोंढ्यात आहे. तो लोंढा वाचकाला पटवतो, परंतु प्रत्येक दृष्टान्त प्रतिपक्षाच्या नेमक्या भूमिकेवर आदळतो असे म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ‘मी अमुक आहे’ या जाणिवेतील ‘अमुक’ गळून पडल्यावर त्या अमुक माणसाने भोगलेल्या दुःखाचे काय होते? शेतावर राबणाऱ्या कुळाला, हे शेत तुझे नाही आणि कोणाचेच नाही, असे सांगितल्याने त्याची भूक भागत नाही. तेराव्या अध्यायातील पहिल्या पक्षकाराने जन्मोजन्मी भोगावे लागणाऱ्या दुःखाची जी तक्रार मांडली होती, तिला ३६ तत्त्वांच्या मोजणीत सुखाशेजारी एक जागा मिळते, एवढेच. तिचे निवारण तेथे होत नाही. येथे महानुभावांची भूमिका वाचकाला अधिक जवळची वाटण्याचा संभव आहे. त्यांनी जीवाला परमेश्वराहून नित्य वेगळा मानला असल्यामुळे त्याचे दुःख त्याचेच राहते आणि त्याची सुटकाही त्याचीच असते.

ज्ञानदेवांना हा प्रश्न जाणवला नव्हता असे म्हणण्यास मात्र ग्रंथाचा आधार नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस त्यांनी विश्वात्मक देवाजवळ जे मागणे मागितले, ते स्वतःसाठी नाही, आणि विचारात विरून जाणाऱ्या निराकार आत्म्यासाठीही नाही. दुष्टांचे वाकडेपण जावे आणि प्राणिमात्राला ज्याचे त्याला हवे ते मिळावे, असे ते मागणे आहे. ‘ज्याचे त्याला’ यात प्रत्येक ‘अमुक’ माणूस पुन्हा उभा राहतो. शेताच्या मालकीचा दावा ज्याने फेटाळला त्यानेच पिकाची वाटणी मागितली, असे हे दृश्य आहे. तत्त्वज्ञानाच्या प्रांतात या दोहोंचा मेळ ज्ञानदेवांनी सिद्ध करून दाखवला, असे म्हणणे धाडसाचे होईल. मागण्याच्या रूपाने तो त्यांनी पुढे ठेवला. मायावाद की चिद्विलास या वादाकडे यापुढे वळणाऱ्या अभ्यासकाने आपापल्या पक्षाची कसोटी येथे लावून पाहणे अगत्याचे आहे. पसायदानातील मागणाऱ्याचा आणि ज्यांच्यासाठी मागितले त्यांचा ठाव कोणत्या सिद्धान्तात अधिक नीट लागतो, यावर त्या सिद्धान्ताचे ज्ञानदेवांशी असलेले नाते ठरेल.